पारशी माणूस हिंदूंच्या लग्नांवर का बोलतोय? हा टोमणा ऐकत बेहरामजी मलबारी लिहीत राहिले

नाशिकहून लॅम रोडने देवळाली कॅम्पात शिरलं की गाव थोडं वेगळं वाटायला लागतं. रुंद रस्ते, जुनी झाडं, लष्कराच्या भिंती, आणि मध्येच पारशी समाजाची सॅनेटोरियम. मुंबईचे पारशी हवापालटाला इथे येत आले आहेत. इंग्रजांच्या काळात हे गोऱ्या सैनिकांचं थांबायचं ठिकाण होतं. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत ते इथे दिवस काढायचे आणि काहींचं डोकं फिरायचं. इंग्रजीत वेड लागलेल्याला ‘डूलॅली’ म्हणतात, तो शब्द आपल्या देवळालीवरूनच गेलाय.

१९४७ नंतर याच कॅम्पात फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांची छावणी पडली. म्हणजे एक समाज शेकडो वर्षांपूर्वी इराणमधून समुद्रमार्गे आलेला आणि दुसरा कालपरवा सिंधमधून. दोघेही ‘बाहेरून आलेले’ आणि दोघेही आता इथलेच.

आजची गोष्टही एका पारशी पत्रकाराची आणि त्याच्या सिंधी मित्राची आहे. ती घडते मुंबईत, देवळालीत सिंधी छावणी पडण्याच्या साठेक वर्षं आधी. पत्रकाराचं नाव बेहरामजी मेरवानजी मलबारी. सोशल मीडियावर कुणी दुसऱ्या समाजाच्या प्रथेवर बोललं की खाली पहिली कमेंट काय येते, ते सगळ्यांना माहिती आहे. आधी स्वतःच्या घरात बघ. मलबारींनी ही कमेंट १८८४ सालापासून झेलली.

मलबारी हे आडनाव आलं कुठून?

मलबारींचा जन्म १८५३ चा, बडोद्याचा. वडील धनजीभाई मेहता गायकवाड सरकारात कारकून होते आणि पगार जेमतेम होता. मुलगा सहा-सात वर्षांचा असतानाच ते वारले. आई भिखीबाई मुलाला घेऊन सुरतेला आली.

सुरतेत मेरवानजी नानाभाई मलबारी नावाचे एक व्यापारी होते. त्यांचं औषधांचं दुकान होतं आणि मलबार किनाऱ्यावरून येणारं चंदन, मसाले ते विकायचे. म्हणून आडनाव मलबारी. त्यांच्या दोन बायका वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. त्यांनी भिखीबाईंशी लग्न केलं आणि बेहरामजीला दत्तक घेतलं.

इथे थोडं थांबायला हवं. भिखीबाई विधवा होत्या आणि त्यांनी दुसरं लग्न केलं. पारशी समाजात त्याला आडकाठी नव्हती. त्याच सुरतेत, शेजारच्या गल्लीतल्या उच्चवर्णीय हिंदू घरात हीच गोष्ट घडली असती तर त्या बाईचे केस कापले गेले असते आणि उरलेलं आयुष्य माजघरात गेलं असतं. मलबारी पुढे ज्या विषयावर वीसेक वर्षं लिहिणार होते, त्याचं उत्तर त्यांच्या स्वतःच्या आडनावातच होतं.

बेहरामजी बारा वर्षांचा असताना आई गेली. मग शिकवण्या करून पोट भरायचं आणि मिशनऱ्यांच्या शाळेत शिकायचं, असं सुरू झालं. पोरगं हुशार, कविता करणारं, गल्लीतल्या ख्यालबाजांबरोबर गाणारं. पण गणितात कच्चं. मुंबईला येऊन दिलेल्या मॅट्रिकमध्ये ते अनेकदा नापास झाले आणि १८७१ मध्ये एकदाचे सुटले.

१८७५ मध्ये ‘नीतिविनोद’ हा गुजराती कवितांचा संग्रह आला. पुढच्याच वर्षी इंग्रजी कवितांचं पुस्तक. मॅक्स म्युलरसारख्या विद्वानांशी पत्रव्यवहार सुरू झाला आणि म्युलर यांच्या व्याख्यानांचं गुजराती भाषांतर मलबारींनी केलं. पण कवितेवर घर चालत नाही, हे तेव्हाही खरं होतं.

एका माणसाचं साप्ताहिक

१८८० मध्ये त्यांनी ‘इंडियन स्पेक्टेटर’ हे डबघाईला आलेलं इंग्रजी साप्ताहिक हातात घेतलं. संपादक तेच, अग्रलेख लिहिणारे तेच, सदर लिहिणारेही बहुतेक तेच. दिनशा वाच्छांसारखे मित्र मदतीला यायचे. खप फार नव्हता, पण वाचणारे कोण होते ते महत्त्वाचं. गव्हर्नरच्या बंगल्यात आणि हायकोर्टात हा अंक उघडला जायचा, शिवाय लंडनच्या संपादकांच्या टेबलावरही पोहोचायचा.

मलबारींची लेखणी तिखट होती. १८८२ च्या ‘गुजरात अँड द गुजरातीज’ या पुस्तकात त्यांनी सावकार, वकील, महाराज, साहेब अशा सगळ्यांची फिरकी घेतली आणि स्वतःच्या पारशी समाजालाही सोडलं नाही. त्यामुळे हा माणूस फक्त दुसऱ्यांवर टीका करतो, हा आरोप तसा पोकळच होता. पण आरोप करणारे आधीचं लिखाण वाचत बसत नाहीत.

१८८४ : चार हजार प्रती

ऑगस्ट १८८४ मध्ये मलबारींनी दोन टिपणं छापली. एक होतं बालविवाहावर, दुसरं सक्तीच्या वैधव्यावर. नुसतं पेपरात छापून ते थांबले नाहीत. या टिपणांच्या जवळपास चार हजार प्रती त्यांनी देशभरातले अधिकारी, न्यायाधीश, वकील, संपादक आणि हिंदू समाजातले मान्यवर यांना पोस्टाने पाठवल्या आणि मत मागवलं. त्या काळातला हा फॉरवर्डच म्हणायचा, फक्त प्रत्येक प्रतीला पोस्टाचं तिकीट लागायचं.

टिपणांत मागण्या काय होत्या? आज वाचल्या तर सौम्य वाटतील. लग्न झालेल्या मुलांना विद्यापीठाने परीक्षेला बसू देऊ नये. सरकारी नोकरीत अविवाहित उमेदवाराला झुकतं माप द्यावं. बालविवाहाचे तोटे सांगणारे धडे शाळेच्या पुस्तकांत घालावेत. ज्या विधवेला लग्न करायचंय, तिला जातपंचायतीच्या छळापासून संरक्षण मिळावं. विधवाविवाहाचा कायदा १८५६ लाच झाला होता, पण कायदा पुस्तकात होता आणि बहिष्कार दारात.

उत्तरं आली, आणि ढिगाने आली. सरकारने ती १८८६ मध्ये जाडजूड संकलनाच्या रूपात छापली. पाठिंबा देणारे होते. मुद्दा बरोबर पण कायदा नको, म्हणणारेही होते. आणि तू पारशी, तुझा काय संबंध, असं म्हणणाऱ्यांचा आवाज तर सगळ्यात मोठा होता.

या आक्षेपाला एक उत्तर होतं. बालविवाह पारशी समाजातही होते. पण पारशांनी स्वतः मागणी करून १८६५ मध्ये आपल्यासाठी लग्नाचा वेगळा कायदा करून घेतला. नवरा सोळा आणि बायको चौदा वर्षांची झाल्याशिवाय ते लग्न कोर्टातर्फे अमलात आणण्याचा दावाच करता येणार नाही, असं त्यात होतं. म्हणजे आधी स्वतःच्या घरात बघ, हे काम वीस वर्षांपूर्वीच झालं होतं.

फुल्यांचं उत्तर

आलेल्या मतांमधलं एक मत महाराष्ट्राने खास लक्षात ठेवावं असं आहे. ४ डिसेंबर १८८४ ची तारीख असलेलं हे मत जोतीराव फुल्यांचं होतं.

फुल्यांनी मलबारींच्या दोन्ही टिपणांना पाठिंबा दिला. पण त्यांचं मत कोरडं नाही, त्यात एक प्रसंग आहे. त्यांच्या एका ब्राह्मण मित्राच्या घरी काशीबाई नावाची विधवा स्वयंपाकाला होती. एका माणसाने तिला फसवलं, ती गरोदर राहिली. बेअब्रूच्या भीतीने तिने मूल मारून विहिरीत टाकलं आणि तिला जन्मठेपेवर अंदमानला पाठवण्यात आलं. फसवणारा मोकळा राहिला. हे पाहून जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घराशेजारी अशा विधवांना गुपचूप बाळंत होता यावं म्हणून घर सुरू केलं. तिथे तोपर्यंत ३५ विधवा येऊन बाळंत झाल्याचं फुल्यांनी त्या मतात लिहिलं आहे.

मलबारींच्या बाजूने दिलेल्या मतांमध्ये याहून भक्कम पुरावा सापडणं कठीण आहे. बाकीचे लोक शास्त्र काय म्हणतं यावर वाद घालत होते आणि पुण्यातलं एक जोडपं बाळंतपणं करत होतं.

एक गोष्ट मात्र मलबारींच्या टिपणांत नीट येत नाही. सक्तीचं वैधव्य हे मुख्यतः वरच्या जातींतलं दुखणं होतं. महाराष्ट्रात कितीतरी जातींमध्ये विधवेला पाट लावता यायचा. मलबारी लिहिताना बऱ्याचदा ‘हिंदू’ असा एकच शब्द वापरतात, आणि तिथे त्यांच्यावर झालेली टीका अगदीच चूक नव्हती.

सरकार हात झटकतं, कोर्टात एक मुलगी उभी राहते

१८८६ मध्ये व्हाइसरॉय डफरिन यांच्या सरकारने सांगून टाकलं की हा समाजाचा प्रश्न आहे, सरकार यात पडणार नाही. दोन वर्षांची मेहनत फाईलबंद झाली.

पण तोपर्यंत मुंबई हायकोर्टात एक खटला उभा राहिला होता. रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, आणि मोठी झाल्यावर तिने नवऱ्याकडे जायला नकार दिला. नवरा दादाजी भिकाजी कोर्टात गेला. १८८५ मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर पत्रं छापून आली, ती लिहिणारी रखमाबाईच होती. योगायोग बघा, तिची आई जयंतीबाईसुद्धा विधवा होती आणि तिने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं होतं. मलबारी आणि रखमाबाई, दोघांनाही पुनर्विवाह केलेल्या आईने वाढवलं.

पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. अपिलानंतर चित्र फिरलं. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल.

मलबारींनी ‘स्पेक्टेटर’मधून त्यांची बाजू लावून धरली. आतापर्यंत हा वाद आकडे, श्लोक आणि साहेबांची मतं यांच्यात अडकलेला होता. आता त्याला एक नाव मिळालं, आणि ते नाव असलेली बाई स्वतः लिहीत-बोलत होती. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन आल्या आणि सुरतेत, राजकोटला त्यांनी प्रॅक्टिस केली.

टिळक विरुद्ध आगरकर, आणि मध्ये मलबारी

१८९० मध्ये मलबारी लंडनला गेले आणि तिथल्या लोकांना उद्देशून हिंदुस्थानच्या मुलींच्या वतीने एक आवाहन छापलं. त्याच वर्षी बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याने केलेल्या शरीरसंबंधामुळे मेली. नवरा तिशी ओलांडलेला. पण कायद्यानुसार संमतीचं वय दहा वर्षं होतं, त्यामुळे त्याच्यावर बलात्काराचा गुन्हा बसेना. गंभीर इजा केल्याबद्दल त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली, बस.

जानेवारी १८९१ मध्ये सरकारने विधेयक आणलं की संमतीचं वय दहावरून बारा करायचं, मुलगी लग्न झालेली असो वा नसो. हेच ते प्रसिद्ध संमतिवयाचं बिल. अनेकांना वाटतं की याने बालविवाह बंद झाले. तसं नाही. लग्न कोणत्याही वयात लावता येत होतं. बारा वर्षांच्या आत शरीरसंबंध ठेवला तर नवराही गुन्हेगार, एवढंच यात होतं.

एवढ्यावरून देश पेटला. कलकत्त्याच्या मैदानावर प्रचंड सभा झाल्या, कालीघाटला पूजा घातल्या गेल्या. ‘बंगबासी’ या बंगाली पेपरने बिलावर इतकं जहाल लिहिलं की सरकारने त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला. भारतात १२४-अ कलमाखाली चाललेला पहिला खटला तो हाच. ज्युरींचं एकमत झालं नाही, माफीनामा आला आणि प्रकरण मिटलं.

महाराष्ट्रात हा वाद म्हणजे ‘केसरी’ विरुद्ध ‘सुधारक’. टिळकांचं म्हणणं होतं की परक्या सरकारला आमच्या धर्मात आणि घरात शिरायचा हक्क नाही. सुधारकांना एवढी कळकळ असेल तर त्यांनी आधी स्वतः लेखी शपथ घ्यावी, मुलींची लग्नं उशिरा लावावीत. आगरकर म्हणत होते की मुलीचा जीव जात असताना सरकार कुणाचं हे बघत बसायचं का? डॉ. भांडारकरांनी शास्त्रातलेच आधार काढून दाखवले की उशिरा लग्न धर्मबाह्य नाही. पुण्यात सुधारकांची सभा उधळली गेली. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली.

टिळकांचा शपथेचा टोला मात्र वर्मी लागणारा होता, कारण सुधारकांची घरं काचेची होती. न्या. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, पण पहिली पत्नी वारल्यावर १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. बोलायचं एक आणि करायचं एक, ही शिकलेल्या लोकांची सवय मलबारीही सतत चव्हाट्यावर मांडत होते. म्हणजे एका मुद्द्यावर टिळक आणि मलबारी यांचं एकमत होतं, फक्त त्यावरून काढलेली उत्तरं उलटी होती. लोक स्वतःहून बदलत नाहीत, म्हणूनच कायदा हवा, हे मलबारींचं उत्तर.

मलबारींवरचा दुसरा आरोप जास्त गंभीर होता. तुम्ही घरातली भांडणं लंडनच्या चव्हाट्यावर नेता, आणि त्याने ‘हे लोक राज्य करायच्या लायकीचे नाहीत’ असं म्हणणाऱ्या साहेबांच्या हातात कोलीत देता. आजचे इतिहासकारही हा मुद्दा मांडतात आणि त्यात तथ्य आहे. दुसरीकडे, दहा वर्षांच्या मुलीने स्वराज्य येईपर्यंत थांबायचं का, या प्रश्नाला टिळकपक्षाकडे उत्तर नव्हतं.

१९ मार्च १८९१ रोजी बिल पास झालं. त्यानंतर सरकारने ते फार जपून वापरायचं धोरण ठेवलं आणि खटले फारसे उभे राहिलेच नाहीत.

सिंधी मित्र आणि गावदेवीचं घर

आता तो सुरुवातीचा सिंधी मित्र. दयाराम गिदुमल हे सिंधमधल्या हैदराबादचे, न्यायखात्यातले अधिकारी. मलबारींचं चरित्र त्यांनीच लिहिलं आणि १८९२ च्या लंडन आवृत्तीला प्रस्तावना होती फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची.

या दोघांनी ११ जुलै १९०८ रोजी मुंबईत सेवासदन सुरू केलं. सगळ्या धर्मांच्या बायकांना शिकवायचं, नर्सिंगसारखी कामं शिकवायची आणि निराधार बाईला छप्पर द्यायचं, असं ठरलं. संस्थेच्या अध्यक्ष झाल्या रमाबाई रानडे. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या त्याच रमाबाई, ज्या आता विधवा होत्या. पुढच्या वर्षी पुण्यातही सेवासदन उभं राहिलं.

मधल्या काळात मलबारींनी लंडनवर ‘द इंडियन आय ऑन इंग्लिश लाइफ’ हे पुस्तक लिहिलं. साहेब हिंदुस्थानात येऊन आपल्यावर पुस्तकं लिहायचे, यांनी तिकडे जाऊन साहेबांवर लिहिलं. लंडनची गर्दी, धुकं, गरिबी, सगळं. १९०१ मध्ये ‘ईस्ट अँड वेस्ट’ हे मासिक काढलं. १९०९ मध्ये सिमल्याजवळ धरमपूरला क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम उभं करायची खटपट सुरू केली. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. मोकळी हवा, आराम आणि चांगलं खाणं हाच उपचार होता. जुलै १९१२ मध्ये मलबारी सिमल्यातच वारले.

बारा ते अठरा

मलबारींनी सुरू केलेल्या वादाचं पुढे काय झालं, ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. १८९१ ला संमतीचं वय बारा. १९२५ मध्ये ते चौदा झालं, पण बायको असेल तर तेरा. १९२९ मध्ये शारदा कायद्याने लग्नाचं वय ठरवलं, मुलीला चौदा, मुलाला अठरा. १९४९ मध्ये संमतीचं वय सोळा झालं, बायकोसाठी पंधरा. १९७८ मध्ये लग्नाचं वय अठरा आणि एकवीस झालं. २०१२ मध्ये पॉक्सो आला आणि अठराखालची प्रत्येक व्यक्ती कायद्याने मूल ठरली. तरीही पंधरा ते अठरा वयाच्या बायकोबाबत नवऱ्याला दिलेली सूट दंडसंहितेत तशीच राहिली होती. ती सुप्रीम कोर्टाने काढली ११ ऑक्टोबर २०१७ ला. संमतिवयाच्या बिलानंतर १२६ वर्षांनी.

आणि लग्नं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या बायकांना विचारलं गेलं की तुमचं लग्न अठराच्या आत झालं का. देशात २३.३ टक्के बायकांनी हो सांगितलं. महाराष्ट्रात २१.९ टक्के, म्हणजे साधारण पाचातली एक.

मुंबईत गावदेवीला सेवासदन सोसायटी आजही आहे. ती ज्या रस्त्यावर आहे, त्याला नाव आहे पंडिता रमाबाईंचं.